वैलावरचा भात

मनुष्याने अग्नी केव्हा हस्तगत केला, यावर पंडितांनी ग्रंथ लिहिले आहेत. शिजलेले अन्न पानात पडेपर्यंत ऊन कसे राहिले, या प्रश्नाकडे मात्र इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक घरगुती जीवनाचे अर्धे मर्म त्यातच आहे. अन्न शिजते एका वेळी आणि घरची माणसे जेवतात निरनिराळ्या वेळी. हे अंतर भरून काढण्यासाठी प्रत्येक काळाने काही ना काही तोड काढली. आमच्या टेमघरात, भिवंडी-कल्याण रस्त्यालगत उठलेल्या नव्या इमारतींपैकी एकीत, एका आप्ताने ओट्याखाली विजेवर तापणारा खण बसवून घेतला आहे. खण ओढावा, वाढलेले ताट आत ठेवावे, तासाभराने ऊन ऊन बाहेर काढावे. तो पाहिल्यापासून ही नवलाई कितपत नवी आहे, याचा विचार माझ्या मनात घोळत आहे.

तिचे मूळ चुलीपाशीच सापडते. मातीच्या चुलीला शेजारी एक धाकटे भोक असे आणि चुलीतील जाळ आतल्या वाटेने तिथवर पोचे. हाच वैल, कोठे त्याला औलही म्हणतात. त्याला वेगळे लाकूड लागत नसे. पुढे तव्यावर भाकरी भाजली जाई, तेव्हा मागे वैलावर भात मुरे, आमटी ऊन राही, नाहीतर हातपाय धुण्याचे पाणी कोमट होई. वाया जाणारी उष्णता कामास लावण्याची ही युक्ती कोणा शास्त्रज्ञाने सांगितलेली नव्हती. सरपण डोक्यावरून वाहून आणणाऱ्या बायकांना तिचे मोल ठाऊक होते. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवीत. राखेतून उष्णता सहज निसटत नाही आणि वाराही आत शिरत नाही, म्हणून पहाटे फुंकर घातली की विस्तव पुन्हा जिवंत.

इतर देशांनीही आपापले वैल शोधले. कोरियात जमिनीखालून चुलीचा धूर खेळवून घर उबदार ठेवीत, आणि उशिरा येणाऱ्या माणसासाठी भाताचा झाकलेला वाडगा चुलीजवळच्या त्या ऊन जमिनीवर पांघरुणाखाली जपून ठेवीत. युरोप-अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकाच्या बिडाच्या मोठ्या शेगड्यांना अन्न ऊन ठेवण्याचे कपाटच जोडलेले असे. आजच्या खणाचा आजोबा तो. 1867च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेची एक पेटी मांडली होती. उकळते पातेले तिच्यात बंद करावे आणि विस्तवाविना तासन्‌तास शिजू द्यावे, अशी तिची करामत. आपल्याकडे कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910च्या सुमारास आयकमिक कुकर काढला. खाली थोडे कोळसे, वर डबे. सकाळी लावून बाहेर पडावे आणि परत आल्यावर जेवण तयार. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना तो मोठाच आधार वाटला.

पुढे आग मनुष्याच्या मुठीत आली. स्वीडनमध्ये 1892 साली जन्मलेला दाबाचा स्टोव्ह घरोघर फुरफुरू लागला. 1955च्या सुमारास मुंबईत गॅसचे सिलिंडर आले, 1959 साली प्रेशर कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. कळ फिरवताच ज्योत पेटते, कळ फिरवताच विझते. धूर गेला, डोळ्यांची जळजळ गेली, बायकांच्या छातीवरचे मोठे ओझे उतरले. हे उपकार थोडे नव्हेत. पण मागे रेंगाळणारी ऊबही त्याबरोबर गेली. गॅसला वैल नाही. मग जो जो उशिरा येईल त्याच्यासाठी कोणीतरी उठून पुन्हा पातेले चढवायचे, आणि हे ‘कोणीतरी’ कोण, हे वाचकांना सांगायला नको.

आमच्या भिवंडीला ही अडचण विशेष जाणवते, कारण हे यंत्रमागांचे शहर. बारा-बारा तासांच्या पाळ्या. एक घरी येतो तेव्हा दुसरा निघतो. परगावाहून आलेले कारागीर भिशीत, म्हणजे महिन्याच्या बोलीवर चालणाऱ्या खानावळीत, जेवतात. मुंबईच्या गिरणगावात हेच काम घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायकांनी केले. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले, तेव्हा कोठे त्यांच्या श्रमाला नाव मिळाले.

आता त्या खणाविषयी थोडे. साधारण 60 सेंटिमीटर रुंदीचा हा कप्पा ओट्याच्या फर्निचरमध्ये बसतो आणि 30 ते 80 अंश सेल्सियसपर्यंत तापतो. तो शिजवत नाही, राखतो. अन्न कोमट राहून भागत नाही. 60 अंशांच्या खाली जंतू भराभर वाढतात. भाताच्या बाबतीत तर अधिक जपावे, कारण त्यातील काही जंतूंचे बीज शिजवूनही मरत नाही आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा तापवल्याने जात नाही. म्हणून अन्न वाफाळते असतानाच आत ठेवावे आणि एक-दोन तासांत खावे. पोळ्या झाकून ठेवाव्यात, नाहीतर पापडासारख्या कडक होतात. विजेची जोडणी जाणकाराकडून करून घ्यावी आणि अर्थिंग विसरू नये.

परंतु इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. वैलाची ऊब ज्या हातांनी राखली, त्यांच्या वाट्याला ती क्वचितच आली. आधी पुरुष, मग मुले, मग सर्वांच्या शेवटी ती स्वतः. तोवर निखारे राखेत गेलेले आणि भात गार. आम्ही आईच्या हातच्या ऊन भाताची आठवण काढतो, पण आईने स्वतः कसला भात खाल्ला हे विचारीत नाही. विजेच्या खणाला थोरला-धाकटा कळत नाही. त्यात चार ताटे राहिली तर चारही सारखीच ऊन राहतील. तो घ्यावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. ज्यांना परवडत नाही त्यांनी जाड बुडाचे पातेले दुलईत गुंडाळले तरी चालते. मात्र या दिवाळीत पहाटेपासून कढईपुढे उभी असलेली बाई जेव्हा जेवायला बसेल, तेव्हा तिच्या पानातल्या भातावरही वाफ असावी, एवढे पाहणे घरातल्या प्रत्येकाच्या हाती आहे.