खाजनाचा बांध

शापोरा नदीच्या काठी पेडण्याच्या सखल भागात नदी आणि भातशेत यांच्यामध्ये केवळ मातीचा एक बांध असतो. बांधाच्या एका अंगास भरतीचे खारे पाणी, दुसऱ्या अंगास भाताचे रोप. गोमंतकाच्या अन्नाचा इतिहास पुष्कळ अंशी या बांधाचा इतिहास आहे.

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. बांधात मानस बसवलेली असते. तिची लाकडी झडप ओहोटीस आतील पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरतीस नदीच्या दाबाने आपोआप मिटते. मृगाच्या पावसाने जमिनीतील मीठ धुऊन निघाले, की क्षार सोसणारे कोरगूट भात तेथे उभे राहते. कापणीनंतर त्याच जमिनीत खारे पाणी घेऊन मासळी आणि सुंगटे धरतात. एकाच शेतातून भात आणि कालवण अशी ही योजना आहे.

हे काम एकट्यादुकट्या कुटुंबाचे नव्हे. बांध राखावयाचा तर सारा गाव लागतो. तिसवाडीतील गावकरीचे असे रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरलमध्ये नोंदवून ठेवले. पेडणे आणि डिचोली त्यांच्याकडे गेली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पेडणे १७८८ मध्ये. म्हणून त्यांची गणना नव्या काबिजादींत होते. या मुलखात खाजनाच्या जोडीला डोंगरउतारावरची कुमेरी व नाचणी, उंचवट्यावरची मोरड शेती आणि झऱ्याच्या पाण्यावरची कुळागरे होती. प्रत्येक जमिनीला तिच्या पाण्याजोगे पीक, हीच या व्यवस्थेतील शहाणीव.

तरीही गोव्याचा तांदूळ गोव्याला पुरत नसे. महायुद्धात १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. १९५५ च्या आर्थिक नाकेबंदीनंतर धान्य समुद्रमार्गे परदेशांतून आणावे लागले. डिचोलीच्या खाणींतील लोहखनिज बाहेर जात होते आणि बाहेरचा तांदूळ घरात येत होता. पैसा असेपर्यंत अशा व्यवहारात उणीव भासत नाही. शेत मात्र हळूहळू मागे पडते.

मुक्तीनंतर १९६४ च्या कूळकायद्याने कसणाऱ्यास संरक्षण दिले. ते न्याय्यच होते. परंतु जुन्या गावसंस्थेकडील बांधाची जबाबदारी कूळसंघांकडे आली, तेव्हा अनेक ठिकाणी डागडुजी मागे पडली. बांधाला एकदा खिंडार पडले, की खारे पाणी शेतात शिरून तेथे तिवरे उगवतात.

आता बांधासमोर नवी परीक्षा उभी आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. हा आकडा लहान वाटतो. पण मानशीचे सारे काम भरती व ओहोटीच्या फरकावर चालते. नदीची पातळी चढली, की झडप थोडाच वेळ उघडी राहते आणि पावसाचे पाणी शेतातच तुंबते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शापोऱ्याच्या पुराने पेडण्यातील काठची गावे वेढली. २०२१ चा तडाखा डिचोलीलाही बसला. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळाच्या पावसाने कापणीस आलेले भात आडवे केले. एकेका पुराचे कारण निराळे असेल. परंतु तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि मुसळधार पाऊस वाढतो, हे विज्ञानाने दाखवून दिले आहे.

जुने गोवे येथील केंद्रीय कृषी संशोधन संस्थेने कोरगूटमधूनच निवड करून 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' हे वाण दिले. पूर्वजांनी जपलेले बियाणे आज शास्त्राच्या कामी आले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण बियाणे मीठ सोसेल. ते बांध बांधणार नाही. पूर्वी बांध उभा राहिला तो गावाने एकत्र येऊन त्यावर माती टाकली म्हणून. समुद्र वर चढत असताना ती माती टाकावयास कोण येणार, या प्रश्नाच्या उत्तरावर उद्याच्या गोमंतकाच्या पानातला भात अवलंबून आहे.