पेटीतून शाळेत आलेली पुस्तके

बडोदे शहराच्या वायव्येस असलेले गोरवा आज महानगरपालिकेच्या हद्दीतील गजबजलेले उपनगर आहे. औद्योगिक वसाहत, कारखान्यांचे रस्ते आणि कामगारांच्या चाळी यांच्या गर्दीत, हे एके काळी शहराबाहेरचे साधे खेडे होते याची खूण सहजासहजी सापडत नाही. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळीने जी दृष्टी ठेवली, तिच्या केंद्रस्थानी राजवाडा किंवा शहरातील विद्वान नव्हता. गोरव्यासारख्या खेड्यातील चार इयत्तांची शाळा आणि त्या शाळेतून बाहेर पडणारे दहाबारा वर्षांचे मूल हीच तिची खरी चिंता होती. या चळवळीविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी त्यात शाळकरी मुलाचा वाटा किती होता, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले गेले आहे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातील मुलगा १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या शिक्षणविषयक धोरणाचा उगम शोधायचा, तर तो येथेच शोधावा लागतो. ज्या वयात खेड्यातील मूल शाळा सोडते, त्या वयात त्यांनी पहिली पाटी हाती घेतली. १८९३ साली अमरेली शहर व भोवतालची नऊ खेडी एवढ्या टापूत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी सुरू केला. १९०६ साली ती सक्ती सर्व संस्थानाला लागू झाली. मुलग्यांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा ही वयोमर्यादा ठरली. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड होत असे, आणि हा दंड रयतेला रुचला नाही, हेही सांगितले पाहिजे.

कायद्याने मूल शाळेत आले, परंतु शाळेनंतर काय, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हता. बाराव्या वर्षी शाळा सुटली की मुलगा नांगराच्या मागे जाई, मुलगी चुलीपाशी. घरात छापील कागद नसे. पाचसहा वर्षांत शिकलेली अक्षरे पुसट होऊन जात आणि शिक्षकाचे श्रम, सरकारचा पैसा व मुलाचे बालपण ही तिन्ही वाया जात. हा गळतीचा बांध कसा घालावा, या विचारातून महाराजांचे लक्ष ग्रंथालयाकडे वळले. बडोद्याची ग्रंथालये ही विद्याप्रेमी राजाची हौस होती, असे जे सरसकट म्हटले जाते, ते अपुरे आहे. ती सक्तीच्या शिक्षणाची दुसरी बाजू होती.

मराठी मुलखात ग्रंथालयांची परंपरा याहून जुनी होती. रत्नागिरीचे १८२८ सालचे, अहमदनगरचे १८३८ सालचे, पुण्याचे १८४८ सालचे, ही सारी नावे आपणास परिचित आहेत. अमरेलीत सक्तीचा प्रयोग सुरू झाला त्याच १८९३ साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. या संस्थांनी भाषेची जी सेवा केली, तिचे मोल करणे कठीण आहे. परंतु त्या बहुतांशी वर्गणीवर चालत आणि त्यांचा सभासद म्हणजे प्रौढ, शिकलेला व बव्हंशी पुरुष. वडिलांच्या नावावर पुस्तक मागणे एवढाच मुलाचा तिथला अधिकार होता. बडोद्याने वेगळी वाट काढली ती नेमकी येथे.

१९१० साली महाराजांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. बॉर्डन १९१३ साली परत गेले. म्हणजे पुरती तीन वर्षेच ते येथे होते. परंतु तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी झाली, ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग निघाला आणि खेड्यांसाठी फिरत्या ग्रंथपेट्यांची योजना सुरू झाली. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ या मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरले. बॉर्डन यांच्यामागे जनार्दन सखाराम कुडाळकर आणि त्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम सांभाळले. १९१२ साली निघालेले या चळवळीचे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत असे. त्यावरूनच संस्थानातील वाचकांची जडणघडण ध्यानात यावी.

फिरत्या पेटीची योजना अगदी साधी होती. मजबूत लाकडी पेटीत पंधरा ते तीस निवडक पुस्तके भरून ती मागणी येईल त्या गावी पाठवायची. गावातील शिक्षक किंवा कोणी जबाबदार गृहस्थ ती उतरवून घेई. वाचून झाली की पेटी परत जाई आणि दुसरी येई. जाण्यायेण्याचा खर्च सरकार सोशीत असल्यामुळे गावाला तोशीस पडत नसे. ज्या गावाला स्वतःचे वाचनालय हवे असेल, त्याने वर्गणीने रक्कम जमवावी. तेवढीच रक्कम सरकार व तेवढीच प्रांत पंचायत देई. या तिहेरी वाट्यामुळे गावाला पुस्तक फुकटचे वाटले नाही आणि आवाक्याबाहेरचेही राहिले नाही. शेकडो खेड्यांत अशी वाचनालये उभी राहिली. त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी वाचनालयाची जागा म्हणजे शाळेची खोली आणि ग्रंथपाल म्हणजे शाळामास्तर, अशी स्थिती होती.

ही गोष्ट वरवर सोयीची वाटते. पण मुलाच्या दृष्टीने तिचा अर्थ फार मोठा होता. पुस्तक शाळेत आले म्हणजे ते मुलाच्या हातून घरी जाणार हे उघड आहे. ज्या घरात आईवडिलांना अक्षर येत नाही, त्या घरात नऊदहा वर्षांचा मुलगा हाच एकमेव वाचणारा. दिवेलागणीनंतर ओसरीवर त्याने मोठ्याने वाचायचे आणि वडील माणसांनी ऐकायचे. आख्याने, पुराण व कीर्तन ऐकण्याची सवय असलेल्या समाजात हे ऐकणे मुळीच परके नव्हते. फक्त पुराणिकाच्या जागी मूल आले. अशा वाचनाने मुलाचा जेवढा अभ्यास होतो, तेवढा वर्गात धडा घोकून होत नाही. कारण समोर ऐकणारे बसलेले असले की अडखळलेला शब्द तसाच सोडून पुढे जाता येत नाही, आणि आजीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर वाचलेले समजावे लागते.

मध्यवर्ती ग्रंथालयात तर मुलांसाठी स्वतंत्र दालनच होते. तेथे चित्रांची पुस्तके होती, तशीच बैठ्या खेळांची साधने होती. ग्रंथालयात खेळ कशाला, असा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला असेल. तो आजही पडतो. परंतु ही कल्पना बॉर्डन यांच्या देशात तेव्हा चांगलीच रुजत होती. न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅन कॅरोल मूर यांनी मुलांच्या दालनात बसकी बाके, चित्रे व गोष्टींचे तास आणून दाखवले होते. आत येण्याची भीती गेली की मूल पुस्तकाकडे आपण होऊन वळते, हा त्यामागील अनुभव. पुस्तके कुलपात न ठेवता वाचकाने स्वतः फळीवरून घ्यावीत, ही खुल्या मांडणीची पद्धतही बडोद्यात याच काळात आली.

या खात्याला जोडूनच दृश्य शिक्षणाची एक शाखा होती. जादूचा कंदील, चलच्चित्रे आणि द्विनेत्री चित्रदर्शक ही तिची साधने. या चित्रदर्शकाची मौज अशी की, किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली एकाच दृश्याची दोन छायाचित्रे शेजारी ठेवून दोन भिंगांतून पाहिली, म्हणजे दोन्ही मिळून एकच चित्र दिसते आणि त्याला खोली येते. ज्या मुलाने आपल्या तालुक्याबाहेर पाऊल टाकलेले नाही, त्याला अशा साधनातून समुद्र किंवा बर्फाचा डोंगर पुढ्यात उभा राहिलेला दिसला की भूगोलाच्या पुस्तकातील शब्दाला प्रथमच अर्थ येई. खेड्यापाड्यांतील मोकळ्या मैदानावर होणारे या शाखेचे खेळ पाहण्यास अर्थातच मोठी माणसेही लोटत.

खरी अडचण होती ती पुस्तकांची. मुलांनी वाचावे असे मराठीत किती होते? विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून निघत होते. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ सुरू केले. याखेरीज निवड तुटपुंजी होती. ही उणीव जाणूनच महाराजांनी दोन लाख रुपयांच्या निधीतून श्रीसयाजी साहित्यमाला व श्रीसयाजी बालज्ञानमाला या माला गुजराती व मराठीत काढविल्या. बालज्ञानमालेतील पुस्तकांत माहितीचा भार अधिक आणि गोष्टीचा रस कमी, असे आजच्या वाचकास वाटण्याचा संभव आहे. तरीही मुलांसाठी खर्च करून पुस्तके लिहवून घेणे हे राज्याचे काम आहे, असे मानणारी संस्थाने त्या काळी थोडीच होती.

शाळामास्तराच्या बाजूचाही विचार केला पाहिजे. दिवसभर चार इयत्ता एकट्याने सांभाळायच्या, हजेरी व दंडाची कागदपत्रे ठेवायची आणि वर ग्रंथपाल व्हायचे, हे ओझे लहान नव्हते. पुस्तक हरवले तर उत्तर कोणी द्यायचे, या भीतीने कपाटाची किल्ली खिशात ठेवणारा शिक्षक प्रत्येक काळात असतो आणि त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. म्हणूनच मोतीभाई अमीन (१८७३ ते १९३९) यांच्या कामाचे महत्त्व वेगळे आहे. स्वतः शिक्षक असलेल्या या गृहस्थांनी सरकारी योजनेच्या आधीपासून चरोतरात तरुणांची मित्रमंडळे काढून वाचनालये चालविली होती. पुढे ते संस्थानच्या ग्रंथालय खात्यात आले. पेट्या सरकारने पाठविल्या खऱ्या. परंतु त्या उघडतील अशी माणसे गावोगाव तयार केली ती मोतीभाईंनी. गुजरातेत त्यांना ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणतात, ते यथार्थ आहे.

कपाटाच्या किल्लीचा प्रश्न शेजारच्या भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी निराळ्या रीतीने सोडविला. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या कथारूप पुस्तकातील शिक्षक, प्रत्येक मुलाने एकच पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी ते पैसे एकत्र करून निरनिराळी पुस्तके घ्यावीत आणि वर्गाचे ग्रंथालय करावे, असे सुचवितो. पुस्तके मुलांच्याच पैशांची म्हटल्यावर किल्लीचा प्रश्नच उरत नाही. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा विचार मराठीत आणला आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांपर्यंत नेला. सयाजीराव, मोतीभाई आणि गिजुभाई हे तिघेही १९३९ या एकाच वर्षी निवर्तले, हा योगायोग चटका लावणारा आहे.

१९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले आणि शाळा व ग्रंथालय ही दोन खाती आपापल्या वाटेने गेली. पुढे १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा योजनेत प्राथमिक शाळांना पुस्तके देण्याची तरतूद झाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात तर प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे स्पष्ट लिहिले आहे. तरतूद कागदावर उतरली, पण मुलांबरोबर बसून वाचणारा माणूस कोण, हे मात्र कायद्यात लिहिलेले नाही.

बडोद्यातील मराठी घरांपुढे यात आणखी एक पेच आहे. शहरातील मराठी माध्यमाच्या शाळा रोडावल्या. मूल घरी मराठी बोलते, शाळेत गुजराती वा इंग्रजी शिकते, आणि देवनागरी वाचते ती हिंदीच्या तासाला. शंभर वर्षांपूर्वी शाळेतून पुस्तक घरी जात होते व मूल ते आजीला वाचून दाखवीत होते. आता मराठी पुस्तक वाचून दाखविण्याची पाळी आजीची आहे, आणि ते पुस्तक मिळण्याची जागा शाळा नसून शहरातील मराठी वाचनालये आहेत. मांडवीतील मध्यवर्ती ग्रंथालयाची १९३१ सालची इमारत, तिच्या पोलादी मांडण्या आणि खालच्या मजल्यापर्यंत उजेड झिरपावा म्हणून घातलेली काचेची जमीन, हे सारे अद्याप पाहावयास मिळते. गोरव्याहून तेथवर येण्याचे अंतर फार नाही. मात्र मुलाला एकट्याने येता येण्यासारखे ते अंतर नाही, म्हणूनच त्या काळी पेटी मुलाकडे जात होती.