बार्शीच्या गावांतली चिठ्ठी

शहापूर-मुरबाडकडे 'टाटात नेलं' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. शहापूरकर आसनगावला लोकल धरतात, मुरबाडकरांना आधी एस. टी.ने कल्याण गाठावं लागतं, मग परळ. तिथलं टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथल्या प्रयोगशाळेत होते. कमरेला धोतर घट्ट आवळून त्याचा काच पडतो, त्या जागी होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाची नोंद त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केली. माणसाच्या रोजच्या सवयीत रोगाचं मूळ शोधणारी ती नजर होती.

पण खेड्यातली बाई परळला पोचते केव्हा? दुखणं असह्य झाल्यावर. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग तर आरंभी दुखतच नाही. एका विषाणूपासून तो वर्षानुवर्षं आत वाढत राहतो. मग डॉक्टरांनीच गावात का जाऊ नये?

ते धाडस सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं, परळच्या टाटाच्या आणि फ्रान्समधल्या एका संशोधन संस्थेच्या साथीनं केलं. १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायांची नोंद झाली. गावांचे ५२ गट पाडले आणि कुठल्या गटात काय करायचं ते जणू चिठ्ठी टाकून ठरवलं. कुठे विषाणूची तपासणी, कुठे काचपट्टीवर पेशी पाहणं, कुठे शिरक्यासारखं सौम्य आम्ल लावून मिनिटभरानं पांढरा डाग उमटतो का ते बघणं. चौथ्या भागात तपासणी नाही. फक्त माहिती आणि नेहमीचे उपचार.

आठ वर्षांनी हिशेब झाला, तो २००९ साली छापून आला. विषाणूची तपासणी, तीही आयुष्यात एकदाच, झालेल्या गटात या रोगानं ३४ बाया दगावल्या. बिनतपासणीच्या गटात ६४. गटांतल्या बायांची संख्या थोडी कमीजास्त होती, तरी प्रमाण जवळजवळ निम्मं. बाकीच्या दोन रीतींनी तिथं मृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नाही.

त्या चौसष्ट जणींचं काय? पुढं या प्रश्नावर परदेशी डॉक्टरांनी कडक टीका केली. तपासणीचा उपयोग ठाऊक असताना काहींना वगळणं योग्य होतं का? संशोधकांचं म्हणणं असं की त्या काळी आपल्या खेड्यांत अशी तपासणी कुणालाच मिळत नव्हती. मला हे उत्तर अपुरं वाटतं. पण आकडे त्याच बायांनी दिले, हेही तितकंच खरं.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून आम्लाचीच रीत दर दोन वर्षांनी, चार वेळा वापरली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या वस्तीतल्या सेविका होत्या. तिथं मृत्यू शेकडा ३१ नी घटले. म्हणजे एकदाच्या तपासणीत फारसं न साधलेलं, पुन्हापुन्हा दार ठोठावल्यावर साधलं. आम्ल, कापूस आणि चांगला उजेड एवढंच सामान. ते मुरबाडच्या डोंगरातल्या पाड्यावर पिशवीतून नेता येतं.