शील आणि बळ

भीमजयंतीच्या दिवशी सकाळी विहारात आपली मुले हात जोडून पंचशील म्हणतात. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा हे त्यातील पहिलेच शील होय. सायंकाळी मिरवणुकीत तीच मुले लेझीम, लाठी व दांडपट्टा घेऊन पुढे चालतात. हे दृश्य पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींनी आम्हांस प्रश्न केला, “धम्म स्वीकारल्यावर हाती लाठी कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासातच शोधले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम खुद्द तथागतांकडे वळू. पाली संयुत्तनिकायात योधाजीव नावाच्या ग्रामणीची कथा आहे. योधाजीव म्हणजे युद्धावर जगणारा. रणात लढता लढता पडणारा वीर स्वर्गास जातो, अशी त्याच्या पूर्वाचार्यांची शिकवण होती. त्याविषयी त्याने भगवंतांना विचारले. भगवंतांनी दोनदा उत्तर देण्याचे टाळले. तिसऱ्यांदा मात्र स्पष्ट सांगितले, की “हे मरोत, हे नष्ट होवोत” या दूषित चित्ताने जो लढतो, त्यास सद्गती नाही. ते ऐकून ग्रामणी रडला. आजवर आपली फसवणूक झाली, याचे त्यास दुःख झाले. दुसरीकडे, वैशालीचा लिच्छवी सेनापती सिंह भगवंतांचा उपासक झाला, असे विनयपिटक सांगते. परंतु त्याला सेनापतिपद सोडावयास लावले, असा तेथे उल्लेख नाही. या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे भगवंतांचा कटाक्ष चित्तावर होता हे ध्यानी येते.

बौद्ध भिक्खू आणि युद्धकला म्हटले, की चीनमधील शाओलिन विहाराचे नाव निघते. हा विहार इ. स. ४९५ च्या सुमारास भारतातून गेलेल्या एका भिक्खूसाठी बांधला गेला, आणि इ. स. ६२१ मध्ये तेथील भिक्खूंनी तांग घराण्याच्या बाजूने लढाईत भाग घेतला, हे शिलालेखावरून कळते. मात्र बोधिधर्माने तेथे मुष्टियुद्ध शिकविले, ही लोकप्रिय कथा सतराव्या शतकातील ग्रंथावर उभी आहे. तिला इतिहास म्हणता येत नाही. आपला अभिमान दंतकथेवर उभारण्याचे आपणांस कारण नाही. आपला स्वतःचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

आपल्याच तालुक्यातील अडगावच्या माळावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. इंग्रजांच्या पलटणींतही बहुसंख्य शिपाई याच देशाचे होते. दोन्ही बाजूंनी पोटासाठी शस्त्र धरलेले योधाजीवच त्या दिवशी समोरासमोर उभे होते. आपल्या समाजातील पुरुषांनीही पुढे पिढ्यान्‌पिढ्या फौजेत चाकरी केली. त्या चाकरीने पोटाबरोबर अक्षरओळख आणि स्वाभिमान दिला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे फौजेतील शाळेत शिक्षक होते. परंतु १८९२ च्या सुमारास फौजेची दारे आपणांस बंद झाली. पराक्रम इतरांच्या कामी आला. गरज सरताच तो विसरला गेला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कोठे ते दार पुन्हा नीट उघडले.

मात्र बळाचा खरा नवा अर्थ लागला तो १९२७ साली, महाडास. २० मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून परतणाऱ्या आपल्या लोकांवर गावात हल्ला झाला. परिषदेस आलेल्यांत फौजेतून निवृत्त झालेले जवान पुष्कळ होते. त्यांनी प्रतिकाराची परवानगी मागितली असता बाबासाहेबांनी त्यांना आवरले, आणि ते आवरले गेले. ज्यांच्या अंगी बळ नाही, त्यांचे गप्प बसणे निराळे. बळ असून हात आवरणे निराळे. पुढे समता सैनिक दलाने हेच वळण तरुणांस लावले. दलात पगार नव्हता, लूट नव्हती. सभेचे व समाजाचे रक्षण एवढेच काम होते.

जुलै १९४२ मध्ये नागपुरास दलाची परिषद भरली. तेथे बाबासाहेबांनी या प्रश्नाचा उलगडा केला. आपण अहिंसा मानतो. पण अहिंसा निराळी आणि दुबळेपणा निराळा, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. आधारासाठी त्यांनी तुकोबांचे नाव घेतले : प्राणिमात्रांवर दया करणे आणि दुष्टांचे निर्दालन करणे, ही अहिंसेची दोन अंगे होत. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथातही हाच विचार अधिक खोलवर आला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला पाहिजे, असे ते तेथे सांगतात. योधाजीवाला दिलेले उत्तर आठवा. तेथेही निषेध होता तो मारण्याच्या इच्छेचाच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखोंनी दीक्षा घेतली, तेव्हा त्या अफाट समुदायाची व्यवस्था राखण्यास दलाचे सैनिक उभे होते. बळ शीलाच्या रक्षणासाठी उभे राहिले, याहून बोलके उदाहरण दुसरे कोणते?

तेव्हा वडीलधाऱ्यांना आमचे नम्र उत्तर असे : मुलांच्या हातची लाठी काढून घेऊ नका, पण ती हाती देण्यापूर्वी शील द्या. आणि तरुणांना आमचे सांगणे असे, की मद्यपानापासून दूर राहण्याचे पाचवे शील मोडून मिरवणुकीत फिरविलेला दांडपट्टा ही तालीम नव्हे, तो तमाशा होय. ज्याला आपला राग आवरत नाही, त्याने अजून लाठी उचलू नये. रोज पहाटे दंड-बैठका काढाव्या, सायंकाळी विहारात बसावे, आणि दुबळ्यावर हात न उगारण्याची प्रतिज्ञा करावी. महाडास ज्यांनी हात आवरले, ते आपलेच पूर्वज होते. त्यांचा वारसा सांगणाऱ्याने तेवढे बळ आणि तेवढा संयम, दोन्ही कमवावे, हीच आमची या वर्षीची विनंती आहे.