ग्रीक भाषेतील नातेवाचक शब्दांची अनेकवचने

प्राचीन ग्रीकमध्ये पिता, माता आणि कन्या या अर्थांच्या शब्दांची अनेकवचने अनुक्रमे 'पतेरेस', 'मेतेरेस' आणि 'थुगतेरेस' अशी होत. त्यांच्या शेजारी संस्कृतातील 'पितरः', 'मातरः' व 'दुहितरः' ही रूपे मांडली म्हणजे दोन्ही भाषांच्या एकाच इंडो-युरोपीय मुळाविषयी निराळा पुरावा मागण्याचे कारण उरत नाही. संस्कृताप्रमाणेच तेथे द्विवचनही होते. ते पुढे लोपले.

भ्रात्याच्या बाबतीत मात्र ग्रीकांनी परंपरा सोडली. 'फ्रातेर' या जुन्या शब्दाचे अनेकवचन 'फ्रातेरेस' हे कुलसंघाच्या सभासदांकडे गेले, आणि सख्ख्या भावासाठी, ज्याचा मूळ अर्थ एका उदरातून जन्मलेला असा आहे तो 'अदेल्फोस' हा शब्द रूढ झाला. त्याचे पुल्लिंगी अनेकवचन 'अदेल्फोइ' भाऊबहिणींना मिळूनही चाले, इ. स. पू. तिसऱ्या शतकात ईजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी आणि त्याची सख्खी बहीण व राणी दुसरी आर्सिनोए यांना 'थेओइ अदेल्फोइ', म्हणजे भावंडदेव, ही पदवी होती. आधुनिक ग्रीकमध्ये या अर्थी नपुंसकलिंगी 'आदेर्फ्या' येते, आणि आपल्या 'भावंडे' या शब्दाचे लिंगही तेच असल्याने मराठी वाचकास त्यात नवल वाटू नये. 'आदेल्फी' हे जुने पुल्लिंगी रूप धर्मबंधूंच्या संबोधनात विशेष ऐकू येते.

घरगुती शब्दांचा कारभार निराळा आहे. बाबा, आई, आजोबा व आजी यांना अनुक्रमे 'बाबास', 'मामा', 'पापूस' व 'याया' म्हणतात, आणि अनेकवचनी 'बाबादेस', 'मामादेस', 'पापूदेस' व 'यायादेस' अशी रूपे होतात. हा 'देस' प्रत्यय तुर्कांच्या अंमलापूर्वीचा असला, तरी त्या अंमलात आलेल्या शब्दांनीही तोच पत्करला: पाशांना 'पासादेस' म्हणत, आणि साडू या अर्थाच्या मूळच्या तुर्की 'बाद्झानाकीस' शब्दाचे अनेकवचन आजही 'बाद्झानाकीदेस' होते. वडिलांसाठी 'पातेरेस' हे प्रशस्त रूप असता बोलीत 'पातेरादेस'ही ऐकू येते. पण ख्रिस्ती धर्माचार्यांविषयी लिहिताना 'पातेरेस' हेच वापरावे लागते, तेथे बोलीची सलगी खपत नाही.

सरकारी दफ्तरांत व शाळांत दीर्घकाळ 'काथारेव्हूसा' ही संस्कारित भाषा चालत असल्याने बहिणींसाठी 'आदेल्फे' असे जुने रूप लिहिले जाई. लोकभाषेतील रूप 'आदेर्फेस' असे आहे. 1976 मध्ये शिक्षणात लोकभाषेस कायद्याने मान्यता मिळाली.