जाळण्यासाठीच बनवलेली राळ

आयटीवाल्यांना अमळनेर माहीत असतं ते विप्रोचं मूळ गाव म्हणून. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र कौतुक वाटतं ते तिथल्याच प्रताप कॉलेजच्या फिजिक्सवाल्यांचं. पण त्याआधी १९६७ सालच्या अमेरिकेत एक चक्कर मारू.

त्या वर्षी मॅजिओ पेचिनी या माणसाच्या पद्धतीला पेटंट मिळालं. त्याच्या स्प्रेग इलेक्ट्रिक कंपनीला कपॅसिटरसाठी सिरॅमिक पूड हवी होती. जुनी रीत म्हणजे दोन पुडी एकत्र खलायच्या आणि हजार अंशांच्या वर भाजायच्या. कितीही खला, दाणे वेगळेच राहतात, आणि एवढ्या उष्णतेने चिकटून जाडे होतात ते वेगळंच. पेचिनीने धातूंची संयुगं सायट्रिक ॲसिडमध्ये, म्हणजे आपल्या लिंबूसतात विरघळवली. हे ॲसिड धातूच्या अणूंना चिमट्यात धरतं. मग एथिलीन ग्लायकॉल (गाडीच्या कूलंटमधलं तेच!) घालून तापवलं. दोघांच्या साखळ्या जुळून पॉलिस्टरची राळ झाली, अणू जिथल्या तिथे अडकले. आणि मग ती राळ चक्क जाळून टाकली. उरली ती बारीक, एकजीव ऑक्साइडची पूड, तीही कमी तापमानाला. आज नॅनोपुडी करायला हीच पद्धत सर्रास वापरतात. बीकर, ढवळणी आणि मफल भट्टी एवढ्यावर भागतं. महागडं व्हॅक्युम चेंबर लागत नाही.

अमळनेरच्या प्रा. एल. ए. पाटील यांच्या गटाची रीत पेचिनीची नव्हे, पण पॉलिमर जाळायची युक्ती तिथेही आहेच. ऑक्साइडची पूड एथिल सेल्युलोजच्या लगद्यात कालवायची, लग्नपत्रिकेसारखी स्क्रीन प्रिंटिंगने पट्टीवर छापायची आणि भाजायची. सेल्युलोज जळून जातं, मागे सच्छिद्र थर राहतो. म्हणजे वायू आत शिरायला वाटा मोकळ्या.

२००६ साली 'सेन्सर्स अँड ॲक्चुएटर्स बी' या जर्नलमध्ये त्यांचा पेपर आला: टिन ऑक्साइडला कॉपर ऑक्साइडची जोड देऊन हायड्रोजन सल्फाइड ओळखायचा. हा वायू लागला की कॉपर ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं, त्यातून वीज सहज वाहते आणि थराचा रोध घसरतो. तेही दहा लाखांत काही भाग एवढ्याशा वायूला, आणि थर न तापवता!

सडक्या अंड्यांचा वास येणारा हाच वायू गटारात उतरणाऱ्यांचा जीव घेतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गेला वाटतं वायू.