हजेरीपुस्तक आणि मद्याचा कायदा

जुनें दप्तर हातीं आलें कीं संग्राहक प्रथम सनदा, महजर व वंशावळी निवडून घेतो. चावडीवरील हजेरीपुस्तकें आणि अबकारी खटल्यांच्या याद्या रद्दींत जातात. शिक्षा कृत्यास झाली कीं जातीस, हें ठरविण्याचें साधन मात्र त्यांतच असतें.

पेशवाईंतील मद्यबंदीचे हुकूम रोजनिशींतून छापले गेले आहेत. न्या. रानडे यांनीं दिलेल्या गोषवाऱ्यावरून भंडारी, कोळी आदि जातींस मद्याची सूट होती. ब्राह्मण, प्रभु व सरकारी कामगार यांस सक्त मनाई होती. नाशिकच्या कांहीं धर्माधिकारी ब्राह्मणांवर मद्यपानाचा संशय आला, ते कबूल होईनात, तेव्हां त्यांस किल्ल्यांवर कैदेंत धाडलें. खेड तालुक्यांतील एका व्यसनी मराठा खोताचें अर्धें इनाम गेलें. भार येथें वरच्या जातींवर पडला खरा. पण सूट देणाराही माणूस न पाहतां जातच पाहत होता. निदान हुकुमांत तें उघड लिहिलेलें होतें, एवढाच अभ्यासकाचा लाभ!

इंग्रजी अमलांत १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें परवान्यावांचून दारू गाळणें गुन्हा ठरलें. त्या कायद्यांत जातीचें नांव नाहीं. तें दुसरीकडे होतें. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्यें मुंबई इलाख्यासही लागू झाला. नोंदलेल्या जमातींतील मनुष्य परिशिष्टांतील गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास, विशेष कारण नसतां, किमान सात वर्षें कैद. तिसऱ्यांदा जन्मठेप काळें पाणी. इतर आरोपींस हा नियम नव्हता. हीं कलमें मद्याचीं नव्हत; तथापि ज्याचें नांव एका पुस्तकांत आधींच चढलें आहे, त्याच्याच झोपडीची झडती दुसऱ्या गुन्ह्यासाठींही प्रथम होणार, असें आमचें मत आहे.

कोल्हापूर संस्थानांतही हजेरीची चाल होती. शाहू छत्रपतींनीं १९१८ मध्यें महार, मांग, रामोशी व बेरड या चार जातींची हजेरी बंद केली. फासेपारध्यांस तर त्यांनीं पहाऱ्याच्या नोकरीवर घेतलें. हिंदुस्थानांत तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं, म्हणजे चौतीस वर्षांनीं.

दरम्यान १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबईंत विलीन झालें आणि त्याच वर्षीं मुंबईचा दारूबंदी कायदा आला. परदेशांत जन्मून वाढलेल्यांस त्यांत परवाना मिळण्याची सोय होती. बलसारा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९५१ मध्यें ती ग्राह्य धरली. जातीचा मात्र या कायद्यांत उच्चार नाहीं. पुढें १९५९ चा सराईत गुन्हेगारांचा मुंबई कायदा आला. तोही व्यक्तीस लागू, जमातीस नव्हे.

अशा मुक्या कायद्याची परीक्षा कशी करावी, याचा पाठ अमेरिकेंत मिळतो. तेथील १९८६ च्या कायद्यानें पांच ग्रॅम क्रॅक कोकेनास आणि पांचशें ग्रॅम कोकेनच्या भुकटीस सारखीच, किमान पांच वर्षांची कैद ठरविली. वंशाचा शब्द त्यांत नव्हता. क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेले बहुतेक कृष्णवर्णीय आहेत, हें शिक्षांच्या नोंदींनींच दाखविलें. २०१० मध्यें तें शंभरास एक हें प्रमाण अठरास एकावर आणलें गेलें.

कोल्हापुरांतील दारूबंदीच्या खटल्यांची अशी पडताळणी करावयाची तर जात, झडतीचें ठिकाण व दंड या रकान्यांचे कागद लागतील. ज्या संग्राहकांजवळ तशीं पुडकीं असतील त्यांनीं तीं कोल्हापूर पुराभिलेखागारास दाखवावींत. छापतांना मात्र व्यक्तींचीं नांवें गाळावींत. त्यांचीं नातवंडें याच गांवांतून नांदत आहेत.